चांदव्याचा चौथा दांडा

माझा राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो. लिहिलं की राग निवतो असं लोक म्हणतात. मी लिहायला बसलो आणि पहिल्याच ओळीत पेन्सिलीचं टोक मोडलं. तेव्हा ज्यांना समजूतदार, पिकलेल्या माणसाच्या आठवणी वाचायच्या असतील त्यांनी दुसरं काहीतरी वाचावं. मी अजून कच्चाच आहे, आणि चिडलेला आहे. इतरांवर चिडलोय त्याहून थोडा जास्त स्वतःवर.

आम्ही इंग्लंडच्या आग्नेय किनाऱ्यावरच्या एका लहान गावात राहतो. लीड्समध्ये बारा वर्षं काढल्यावर बायकोला इथून जवळच्या हॉस्पिटलात नोकरी मिळाली, आणि माझं सॉफ्टवेअरचं काम काय, जिथे वाय-फाय तिथे ऑफिस. मी मूळचा रत्नागिरीकडचा. घराच्या मागे समुद्र दिसला आणि मी घर पसंत केलं. छत गळतं हे नंतर कळलं. ती माझी इथली पहिली चूक. ती मोजत नाही.

हे गाव एका फार जुन्या युतीतलं आहे. पाच बंदरांची युती असं तिला म्हणतात, पण पाचावर कधीच थांबली नाही. मूळ पाच, मग मानाची आणखी दोन, आणि मग प्रत्येकाच्या फांद्या. आमचं गाव म्हणजे अशीच एक फांदी, आणि फांदीला खोडापेक्षा जास्त मिजास असते. गोष्ट अशी, की राजाकडे स्वतःचं आरमार नव्हतं तेव्हा या गावांनी दर वर्षी पंधरा दिवस आपली जहाजं आणि माणसं राजाला फुकट द्यायची. सत्तावन्न जहाजं. बदल्यात जकात माफ, आपलं कोर्ट आपणच चालवायचं, आणि सगळ्यांत मोठं म्हणजे राज्याभिषेकाच्या दिवशी राजाच्या डोक्यावरचा चांदवा या गावच्या माणसांनी धरायचा. चांदीने मढवलेले दांडे, कोपऱ्याकोपऱ्याला चांदीच्या घंटा. सोहळा संपला की तो चांदवा, दांडे, घंटा सगळं आपसांत वाटून घ्यायचं.

एकदा म्हणे राजाच्या हुजऱ्यांनी तो चांदवा यांच्या हातातून ओढायला सुरुवात केली. यांनी सोडला नाही. भर दरबारात ओढाताण झाली, आणि ती निस्तरून हे जेवायला पोचेपर्यंत यांच्या मानाच्या खुर्च्यांवर दुसरेच बसलेले. हे वाचलं तेव्हा मी एकटाच मोठ्याने हसलो. ही तर आमच्या शिमग्यातली माणसं! पालखीचा दांडा कुणाचा यावरून आमच्या गावात दोन घरं एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत. मला वाटलं, समुद्र ओलांडून मी आपल्याच गावात आलोय.

पुढे समुद्र मागे सरकला, बंदरं गाळाने भरली. जिथे जहाजं लागत तिथे आता मेंढ्या चरतात. जहाजं गेली, मान राहिला. झगे राहिले, तीन टोकांच्या टोप्या राहिल्या, आणि आमच्या फांदीत एक धाकटा चांदवा राहिला. दर वर्षी उन्हाळ्याच्या तोंडी नवा मेयर बसला की एका रविवारी त्याला चांदव्याखाली चर्चपासून किनाऱ्यापर्यंत नेतात आणि पाद्री समुद्राला आशीर्वाद देतो. चांदव्याला चार दांडे. पहिला कौन्सिलच्या घराण्याचा, दुसरा चर्चच्या, तिसरा बुडणाऱ्यांना वाचवायला जाणाऱ्या नावेच्या, आणि चौथा किनाऱ्यावर होड्या ओढणाऱ्या मच्छीमारांचा. निघायच्या आधी चर्चच्या दारात सेक्रेटरी पुस्तक उघडून एकेका घराचं नाव पुकारतो. तीनदा. ज्याचं नाव त्याने ‘हजर’ म्हणायचं आणि दांडा धरायचा. बस, एवढाच कायदा. ज्याला हाक त्याचा दांडा.

हा सेक्रेटरी मी होतो. कसा झालो? पावसात अडकलो म्हणून टाउन हॉलमध्ये शिरलो, तिथे या परंपरेवर भाषण चालू होतं, आणि प्रश्न विचारा म्हणाल्यावर मी हात वर केला. प्रश्न चार मिनिटांचा होता. त्यात शिमगा होता, पालखी होती, माझे आजोबा होते. प्रश्न नव्हता. सोहळा समितीच्या अध्यक्षबाई धावत आल्या. मोत्यांची माळ, घरं विकायच्या धंद्यातून निवृत्त, आणि आवाज असा की जणू प्रत्येक वाक्याला इस्त्री केलीय. म्हणाल्या, “हाउ फॅसिनेटिंग! तुम्हाला टाइप करता येतं का?”

बायको म्हणाली, “झालास सेक्रेटरी? अभिनंदन. इथेही कारकुनीच.”

आमच्या लग्नाला सत्तावीस वर्षं झाली. ती मला अरे-तुरेच करते. ज्या दिवशी ‘अहो’ म्हणते त्या दिवशी मी गुन्हेगार असतो.

आता चूक. मोठी.

गावात एकेकाळी तीसेक होड्या होत्या. आता एक. ती चालवतो अठ्ठ्याहत्तर वर्षांचा एक माणूस. आमच्याकडे नावेच्या मुख्याला तांडेल म्हणतात, मी मनातल्या मनात त्यांना तेच म्हणतो. गोट्यांच्या किनाऱ्यावर त्यांची डांबर फासलेली काळी खोपटी, शेजारी होडी वर ओढायचा गंजका विंच, आणि आसपास मासळीचा वास. चौथा दांडा त्यांच्या घराचा. त्यांच्या बापाचा होता, त्याच्या बापाचा होता. पुस्तकात नावं आहेत, शाई तपकिरी झालेली.

अध्यक्षबाईंना तो वास आवडत नसे. तसं त्या कधी बोलल्या नाहीत. इथे तसं कुणी बोलत नाही, तीच तर कला आहे. त्या म्हणत, “त्यांचं वय झालंय, पुअर डार्लिंग, गोट्यांवरून चालणं किती अवघड.” जो माणूस रोज पहाटे त्याच गोट्यांवरून होडी ढकलतो त्याला! पण त्यांनी त्यांना काढलं नाही. मुळीच नाही. त्या फक्त म्हणाल्या, “आपण जरा मॉडर्न व्हायला हवं. दर वर्षी दारोदार जाऊन विचारायचं, किती वेळ जातो. तुम्ही ते ऑनलाइन काहीतरी करा ना.”

मी केलं. मी काय नाही करणार! शनिवार-रविवार बसून फॉर्म बनवला. वर युतीचं चिन्ह, अर्धा सिंह आणि अर्धं जहाज. खाली ड्रॉपडाउन. उत्तर आलं की ओळ हिरवी, नाही आलं की लाल. आणि शेवटी, भारदस्त दिसावं म्हणून एक वाक्य: ‘तीस दिवसांत उत्तर न आल्यास धारकाने आपला मान स्वखुशीने सोडला असे समजण्यात येईल.’ हे वाक्य मी ऑफिसातल्या एका सबस्क्रिप्शनच्या फॉर्मवरून उचललं होतं. आठशे वर्षांच्या रिवाजाला मी अँटीव्हायरसची अट लावली. आणि फार छान लावली. समितीने टाळ्या वाजवल्या.

तांडेलांचा ईमेल जुन्या यादीत सापडला. पाठवला. तीन ओळी हिरव्या झाल्या, एक लाल. मी स्वतः, माझ्या हाताने, माझ्या त्या सुंदर अक्षरात, पुस्तकात शाईने लिहिलं: ‘चौथा दांडा: धारकाने स्वखुशीने सोडला.’ अध्यक्षबाईंनी सही केली. आणि मग डोकं एका बाजूला कलवून म्हणाल्या, “आम्हा सगळ्यांना वाटतं, आता चौथा दांडा तुम्हीच धरावा.”

खोपटी माझ्या घरापासून सात मिनिटांवर. सात! चालत जाऊन ‘का हो, खरंच सोडलात का?’ एवढं विचारायला मला सुचलं नाही. मी लाजलो. खरोखरच लाजलो, नव्या नवरीसारखा.

घरी येऊन सांगितलं. बायको भाजी चिरत होती. “तूच का?”

“का म्हणजे? मी सेक्रेटरी आहे. मला इतिहास माहीत आहे.”

“ब्रोशरमध्ये सगळे गोरेच दिसतायत म्हणून नसेल ना?”

“तुला माझं काही चांगलं झालेलं बघवत नाही.”

“बघवतं की. तू कधी दाखवलंस तर.”

मग गावी दादाला व्हिडिओ कॉल केला. दादा ओटीवर बसून सुपारी कातरत होता. मी सगळं रंगवून सांगितलं, राजा, चांदवा, घंटा. तो ऐकून घेऊन म्हणाला, “बरं झालं. पण तो मान होता कुणाचा?”

“एका कोळ्याचा. त्यांनी सोडला.”

“तुझ्या हातात नारळ दिला?”

“अरे दादा, इथे नारळ कसला? इथे फॉर्म असतो.”

दादाने अडकित्ता खाली ठेवला. “कोण गेला होता विचारायला?”

मी म्हटलं, आवाज तुटतोय, रेंज नाही. रेंज उत्तम होती.

सोहळ्याच्या दिवशी मी लाल झग्यात चर्चच्या दारात उभा. पुस्तक त्या दिवशी अध्यक्षबाईंनी स्वतः वाचलं, कारण मला दांडा धरायचा होता. चौथं नाव माझं पुकारलं. मी ‘हजर’ इतक्या जोरात ओरडलो की झाडावरचे कावळे उडाले. आणि तेवढ्यात गर्दी बाजूला सरली आणि तांडेल आले. धुतलेली निळी जर्सी. पॉलिश केलेले बूट. दाढी इतकी घोटून केलेली की हनुवटीला कापलेलं. ते सरळ माझ्यापाशी येऊन थांबले आणि म्हणाले, “हा माझा आहे, मेट.”

अध्यक्षबाई पुढे झाल्या. “ओह, पण तुम्ही उत्तरच पाठवलं नाहीत!”

“कशाचं उत्तर?”

अध्यक्षबाईंनी पुस्तक मिटलं. मी चांदव्याकडे पाहिलं. माझ्या हातात दांडा होता.

मी पुण्याला कॉलेजात होतो तेव्हाची गोष्ट. शिमग्याला घरी गेलो होतो. पालखीचा मागचा डावा दांडा आमच्या घराचा. देवळातून मानकरी नारळ-विडा घेऊन बोलवायला आल्याशिवाय आपण जायचं नसतं, हा नियम. त्या वर्षी गावकीत काहीतरी शिजलं होतं आणि आमच्याकडे कुणी आलंच नाही. बाबा सकाळपासून धुतलेलं धोतर नेसून ओटीवर बसले होते. ढोल वाजू लागले. पालखी सहाणेवरून, म्हणजे तिच्या ठरलेल्या चौथऱ्यावरून, उठल्याचं ढोलावरूनच कळतं. बाबांनी ते ऐकलं, उठले, आत जाऊन धोतर बदललं आणि गोठ्यात गेले. गावकीने नंतर सांगितलं, आम्हाला वाटलं तुम्ही येणार नाही. वाटलं! हे सगळं मी या डोळ्यांनी बघितलेलं. आणि तोच मी, चाळीस वर्षांनी, दुसऱ्या समुद्राच्या काठावर, एका धुतलेल्या जर्सीसमोर त्याच्याच दांड्याला धरून उभा. मी तेव्हाच दांडा द्यायला हवा होता. दोन हात लांब करायचे, एवढंच काम. बँड सुरू झाला, अध्यक्षबाई म्हणाल्या, “शॅल वी?” आणि मी चालू लागलो.

मला सांगा, याला काय म्हणायचं? भित्रेपणा म्हणावा तर भित्र्या माणसाला निदान भीतीची लाज वाटते. मला त्या क्षणी झग्याची घडी नीट पडली आहे का याची काळजी होती.

पुढचं ऐकाच. किनाऱ्याच्या वळणावर बँडचा मोठा ढोल घुमायला लागला. पायाखाली गोटे, कानात ढोल, खांद्याशी दांडा. माझे पाय थेट शिमग्यात गेले. दोन पावलं पुढे, एक मागे, गुडघ्यात झोका. पालखी नाचवायची सवय हाडात असते, तिला व्हिसा लागत नाही. चांदवा हलला, घंटा खणखणल्या, बाकीचे तिघे भेलकांडले, आणि माझ्या दांड्याचं चांदीचं बोंड मेयरच्या टोपीला लागलं. टोपी उडाली. उतारावरून गडगडत पाण्यापर्यंत गेली. समुद्राला आशीर्वादाच्या आधी टोपी मिळाली.

आणि लोकांना आवडलं! राग याचा येतो. मला शिव्या घातल्या असत्या तर चाललं असतं. “सो एनर्जेटिक!” म्हणाले. फोटो निघाले. मेयर हसले. अध्यक्षबाई म्हणाल्या, “दर वर्षी असंच करू या!” म्हणजे अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला गोट्यांवरून चालणं धोक्याचं, आणि मी टोप्या उडवल्या तर ती परंपरा. तांडेल त्यांच्या होडीच्या काठाला टेकून बघत होते. हसले नाहीत.

घरी आलो. बायको दारातच उभी. “अहो,” म्हणाली.

बस. मी झगा न काढताच पायरीवर बसलो.

दुसऱ्या दिवशी सुपरमार्केटमधून नारळ घेतला आणि खोपटीवर गेलो. इथल्या सुपरमार्केटातला नारळ टकला असतो. शेंडी नाही, चकचकीत, वर बारकोड. तांडेल जाळं शिवत बसले होते. मी नारळ पुढे केला.

“हे कशाला?”

“आमच्या गावी मानाचं बोलायचं असलं की नारळ घेऊन जातात.”

“तू मान मागायला आलायस की परत द्यायला?”

मी म्हणालो, “पुढच्या वर्षी दांडा तुम्हीच धरा. मी बाजूला होतो.”

त्यांनी सुई थांबवली नाही. “दांड्याचं सोड. दांडा म्हणजे लाकूड. पुस्तकात काय लिहिलंयस?”

मी सांगितलं. स्वखुशीने सोडला. आता सुई थांबली.

“आणि ते पत्र पाठवलंस कुणाला?”

मी ईमेलचा पत्ता वाचून दाखवला. त्यांनी सुई जाळ्यात खोचून ठेवली.

“तो माझ्या बायकोचा पत्ता. ती जाऊन चार वर्षं झाली.” मग म्हणाले, “तिने उत्तर दिलं असतं तुला. अशा बाबतीत फार काटेकोर होती ती.”

मी तिथेच गोट्यांत पुरून घ्यायला तयार होतो. त्यांनी नारळ माझ्या हातात परत दिला. “माझा बाप आहे त्या पुस्तकात. आजोबा आहे. त्यांच्याखाली तू लिहिलंस की मी सोडला. मी काही सोडलेलं नाही. आधी ते वाक्य बघ. मग ये, हे काय असेल ते घेऊन.”

तर प्रश्न एका वाक्याचा होता. इथल्या रिवाजात एकदा सोडलेला मान परत मिळत नाही. पुस्तकात सोडला म्हणजे सोडला, त्यांच्या घराचा आणि सगळ्या मच्छीमारांचा, कायमचा. पुढच्या बैठकीत मी उभा राहिलो आणि म्हणालो, ही नोंद चुकीची आहे, चूक माझी आहे, मी विचारायला गेलो नाही, मी मेलेल्या बाईला फॉर्म पाठवला. जेवढं म्हणून स्वतःला वाईट म्हणता येईल तेवढं म्हटलं. त्यात मला सराव आहे.

अध्यक्षबाईंनी हात जोडल्यासारखे केले. “किती दुर्दैवी! पण नोंदीवर सही झालीय.”

“मग दुसरी नोंद करू.”

“नियमाप्रमाणे मान सुटलेला आहे.”

“कुठला नियम?”

“तीस दिवसांचा,” त्या अगदी गोड आवाजात म्हणाल्या. “तुम्हीच लिहिलात ना?”

मतदान झालं. माझ्या बाजूने एक मत, माझं. मग त्यांनी मोठ्या मनाने ठराव केला की तांडेलांना पहिल्या रांगेत पाहुण्यांची खुर्ची द्यावी. गुडघ्यावर ब्लँकेटसह. ब्लँकेट! मी ताडकन उठलो, काहीतरी जबरदस्त बोलणार होतो. बैठकीलाही घालाव्या लागणाऱ्या झग्याची बाही चहाच्या किटलीत अडकली आणि सगळा चहा युतीच्या जुन्या नकाशाच्या छापील प्रतीवर गेला. दोन बंदरं बुडाली. मला पुसायला कागद देत सगळे म्हणाले, काही हरकत नाही, काही हरकत नाही. या देशात माणसाला धड भांडूही देत नाहीत. तुम्ही दगड मारा, ते टिश्यू देतात.

वर्षभर मी तणतणत होतो. राजीनामा लिहिला, फाडला, पुन्हा लिहिला. वास्तविक ही काय तर चार काठ्यांची नि एका कापडाची गोष्ट. पण ज्या जहाजांच्या नावाने हे झगे घालून मिरवतात, त्या जहाजांची म्हणून गावात उरलेली एकच होडी, आणि तिच्या मालकाला खुर्चीवर बसवून ब्लँकेट घालायचं! आणि हे करायला त्यांना हत्यार कुणी दिलं? घासून, पुसून, ड्रॉपडाउन लावून?

शेवटी बायको कंटाळली. “किती दिवस तेच दळण? मला एक सांग, त्या दिवशी नावं पुकारतं कोण?”

“सेक्रेटरी. म्हणजे मी. गेल्या वर्षी बाईंनी वाचली, कारण मी...”

“हो, नाचत होतास. आणि दांडा कुणाला मिळतो?”

“ज्याला हाक त्याला.”

“पुस्तकात ज्याचं नाव त्याला नाही?”

मी हातातला राजीनामा खाली ठेवला.

“आमच्या गावच्या भटजींना डोळ्यांनी दिसायचं बंद झालं तरी पंधरा वर्षं पोथी वाचत होते,” ती म्हणाली. “कुणी विचारलं नाही पोथीत काय आहे. आणि हो, त्यांना या वेळी चांगला नारळ ने. टकला नेलास म्हणे. शोभलं तुला.”

मी पुढच्या शनिवारी ट्रेनने लंडन गाठून वेम्बलीला गेलो. ईलिंग रोडवर तीन दुकानं फिरल्यावर शेंडीचा नारळ मिळाला. दुकानदार गुजराती. म्हणाला, “पूजा छे?” मी म्हटलं, “प्रायश्चित्त.” त्याने दोन घ्यायचा सल्ला दिला.

खोपटीवर गेलो. बाहेर उभा राहिलो, आमच्याकडे राहतात तसा. म्हणालो, “तुमच्या घराला चौथ्या दांड्याचं बोलावणं घेऊन आलोय. वाक्य मला खोडता आलं नाही. पण हाक मी मारणार आहे, आणि ती तुम्हालाच मारणार आहे.”

त्यांनी नारळ हातात घेऊन शेंडी ओढून पाहिली. “याला केस आहेत.”

“हो.”

“गेल्या वेळच्याला नव्हते.”

“तो चुकीचा होता.”

“हं,” म्हणाले आणि नारळ फळीवर दोरखंडाच्या वेटोळ्यात ठेवला. येतो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. आणि या खेपेला ‘उत्तर न आल्यास’ असं म्हणायची माझी छाती नव्हती.

रविवार उजाडला. अध्यक्षबाईंनी मला सकाळीच सांगितलं, “नावं तुम्ही पुकारा, शेवटी स्वतःचं घ्या आणि पुढे या. आणि प्लीज, तो डान्स!” लोक डान्स बघायला जमले होते. मी पुस्तक उघडलं. पहिलं घर, हजर. दुसरं, हजर. तिसरं, हजर. तिघांनी दांडे उचलले, चांदवा तीन कोपऱ्यांवर उभा राहिला आणि चौथा कोपरा नव्या मेयरच्या कानावर आला.

मी तांडेलांच्या घराचं नाव पुकारलं.

आधी कुणाच्या लक्षातच आलं नाही. मग अध्यक्षबाईंच्या भुवया वर गेल्या. पहिल्या रांगेतली ब्लँकेटवाली खुर्ची रिकामी होती. गर्दीत कुठेही निळी जर्सी नव्हती. मी दुसऱ्यांदा पुकारलं. आवाज चिरकला. बाई माझ्याजवळ येऊन दातांतून म्हणाल्या, “पुस्तकात तसं नाहीये.” मी म्हटलं, “मला माहीत आहे. मीच लिहिलंय.” मेयरनी चांदव्याची झालर कानावरून बाजूला केली. बाबा ओटीवर बसले होते तेव्हा देवळात कुणी एकदा तरी त्यांचं नाव घेतलं असेल का, हा प्रश्न मला चाळीस वर्षांत पहिल्यांदा पडला.

तिसऱ्यांदा मी जो ओरडलो तो बहुधा फ्रान्सला ऐकू गेला असेल.

“पहिल्या वेळीच ऐकलं,” भिंतीपलीकडून आवाज आला. “बहिरा नाही मी. होडी वर ओढत होतो.”

तांडेल फाटकातून आत आले. या वेळी इस्त्री नाही, पॉलिश नाही. ओले गमबूट, जर्सीवर खवले, आणि वास असा की पाद्री एक पाऊल मागे सरले. ते आले, हात पँटला पुसले आणि दांडा उचलला. चांदवा सरळ झाला. घंटा वाजल्या.

“हजर म्हणायचं असतं,” मी हळूच म्हटलं.

“दिसतोय ना?”

ते गेले. बँड वाजला, सगळे उतरून किनाऱ्याकडे गेले. मी चर्चच्या दारातल्या दगडी बाकावर बसलो आणि पुस्तकात, गेल्या वर्षीच्या ओळीखाली, लिहिलं: ‘चौथा दांडा: धारकाला विचारण्यातच आले नव्हते. चूक सेक्रेटरीची. या वर्षी तीनदा हाक दिली, धारक हजर.’ खाली सही केली. पहिली ओळ मी खोडली नाही, तशी परवानगी नाही, आणि खरं सांगायचं तर ती तिथे राहावी असंच मला वाटतं. दोन्ही ओळी माझ्याच अक्षरात आहेत.

पंधरा दिवसांनी मला ईमेल आला. समितीला सेक्रेटरीपदासाठी ‘नवी ऊर्जा’ हवी होती. खाली माझाच फॉर्म होता. माझाच सिंह, माझंच जहाज, माझंच वाक्य. तीस दिवसांत उत्तर न आल्यास मी पद स्वखुशीने सोडलं असं समजण्यात येईल. मी दुसऱ्या मिनिटाला उत्तर पाठवलं: ‘सोडतो. स्वखुशीने नाही.’ ड्रॉपडाउनमध्ये तसा पर्याय नव्हता, म्हणून मी तो आधी फॉर्ममध्ये घातला. पासवर्ड काढून घ्यायला ते विसरले होते.

तांडेलांना हे सांगायला गेलो तेव्हा ते विंचला ग्रीस लावत होते. नारळ फळीवरच होता, शेंडीसकट. मी विचारलं, अजून फोडला नाहीत?

“ठेवलाय,” ते म्हणाले. “पुन्हा फॉर्म पाठवलास तर तुझ्या डोक्यावर फोडीन.”